बुडणारं लाकूड

विजापूर वेशीतलं दस्तगीर अत्तारांचं दुकान
इतकं अरुंद, की दोन गिऱ्हाइकं आली
तर मी पायरीवर.
तराजू पुसायचो, कापसाचे फाये वळायचो,
हिना, मोतिया, वाळा
बाटल्यांवर नावं लिहायचो, अक्षर बरं म्हणून.
अगरूचा डबा मात्र ते स्वतः उघडत.
आधी पंखा बंद.
मग दार ओढून घ्यायचं.
शिंक आली तर गिळायची.

एकदा विचारलं, चाचा,
झाडाला जखम होते आणि तिचाच सुगंध होतो,
खरंय का?
वाटलं, काहीतरी मोठं बोलतील.
म्हणाले, "शंभर झाडं किडतात रे.
पाच-सातांत राळ धरते.
बाकीची नुसती किडतात.
त्यांचं कोण सांगतंय?"
चिमट्यानं एक ढलपी उचलली
आणि परत ठेवली.

वडील अक्कलकोट रोडला, डाईंगमध्ये.
चौतीस वर्षं चादरींचं सूत रंगात बुडवलं.
नखं कधी निळी, कधी किरमिजी.
नाक कधी गेलं, त्यांनाही सांगता येत नाही.
घरात एकदा आमटी करपली
आणि ते चुलीशेजारीच पेपर वाचत बसले होते,
तेव्हा आम्हाला कळलं.

डांबर चपलेला चिकटत होतं त्या दुपारी
ते दुकानात आले. सहजच.
अत्तारांनी डबा पुढे केला,
"घ्या राजमल्लू, बघा तरी."
वडिलांनी ढलपी नाकाशी नेली,
लग्नात जेवण बरं झालंय म्हणावं
तशी मान डोलावली.
मग हळूच म्हणाले, पाणी आहे का?

स्टीलचा पेला.
ढलपी वरून सोडली.
ती थांबली नाही, सरळ तळाला गेली.
"मुनिगिंदी," वडील म्हणाले. बुडाली.
सुताची लडी पाण्यात कशी उतरते
यावरून रंग सांगणारा माणूस.
अत्तार हसले नाहीत.
त्यांनी आणखी तीन टाकल्या.
दोन बुडाल्या.
एक मध्येच अडकली, वर ना खाली.
तिची किंमत दोघांनी मिळून ठरवली,
बराच वेळ लागला.

रात्री गच्चीवर,
पाणी मारलेली फरशी अजून तापलेली,
त्यांनी विचारलं, "पण वास कसा असतो?"

गुळाच्या ढेपेखालचं गोणपाट.
नाही.
तालमीतली तेल मुरलेली माती.
थोडीशी.
आजोबांच्या हातमागाचा धोटा,
तेल आणि घाम पिऊन काळा पडलेला,
तो तुम्ही लहानपणी…

"तो आठवतो," म्हणाले.

खालच्या गल्लीत कुणाचा तरी माग चालू होता.
मला वाटलं, झोपले.

"आणि शेवटी जरा कडू?"

उशाशी घडी केलेल्या शर्टाच्या खिशातून
मी दुपारचा फाया काढला,
पुन्हा हुंगला.

होता.