वरून खाली

पुस्तक सहाशे बारा पानांचं.
आवटीसाहेबांनी टेबलावर आपटलं, म्हणाले,
"पुण्याचा माणूस एका फेरीला तीन हजार घेतो.
तुम्ही तर बी.कॉम. आहात."
बी.कॉम.चा आणि फायरवॉलचा संबंध
मी अजून शोधते आहे.

हरिपूर रोडवरची आमची पतसंस्था,
चार शाखा, खातेदार बहुतेक हळदीवाले.
संध्याकाळी शटर अर्धं ओढून मी वाचायला बसते,
पेन्सिल, फुटपट्टी, पुडीत भडंग.
चाळीसपर्यंतची पानं तेलकट,
पुढची कोरी करकरीत.
आधीचा वाचक कोण होता देव जाणे,
तो इथूनच उठून गेला.

पुस्तक म्हणतं, नियम वरून खाली वाचले जातात.
पहिला जुळला की पुढचे कुणी बघत नाही.
हे मला लगेच कळलं.
माझ्यासाठी आलेली स्थळं घरी अशीच वाचली होती.
पहिलं जुळलं,
बाकीच्या पाकिटांची घडीसुद्धा मोडली नाही.

पोर्ट म्हणजे काय ते कळायला मात्र आठ दिवस गेले.
पासष्ट हजार पाचशे पस्तीस दारं,
जेवणाच्या डब्याएवढ्या यंत्राला!
मग वडिलांचं पेव आठवलं.
जमिनीच्या पोटात हळद,
वर माणूस जाईल एवढंच तोंड, तेही लिंपलेलं.
उघडलं की आधी दोरीनं कंदील सोडायचे.
कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही,
पेवाचा मालक असला तरी.
समासात मी लिहिलं: आधी कंदील.

अकराव्या दिवशी धीर आला.
जुलैतला रविवार, रात्रीचे नऊ,
विश्रामबागच्या घरात बसून
मी शेवटचा नियम लिहिला,
"बाकी सगळ्यांना मनाई",
आणि चुकून तो सगळ्यांत वर ठेवला.

स्क्रीन गोठली.
मीही बाकी सगळ्यांतच मोडत होते.

स्कूटीवरून पोचले तेव्हा दस्तगीर मुल्लाणी दारात,
मांडीवर काठी, रेडिओ बारीक:
आयर्विनला एकवीस फूट.
"मॅडम, रविवारी कुणाला सोडायचं न्हाई."
दस्तगीरभाई, मी आहे.
"तुमास्नी वळखतो की. वळखीचा प्रश्नच न्हाई.
वहीत नाव न्हाई तुमचं."
राग यायच्या आधी मला हसू आलं.
पाचवा धडा काठी घेऊन बसला होता.

साहेबांचा फोन लागेपर्यंत वीस मिनिटं पायरीवर.
त्यानं विचारलं, आत काय बिघडलंय?
मी स्वतःलाच बाहेर ठेवलं, म्हटलं.
तो विचारात पडला.
"मग कुलूप चांगलं हाय म्हणायचं."

आत पिवळी केबल थेट जोडली,
तो एक नियम तळाशी सरकवला.
मिरज आली, तासगाव आलं,
कवठ्याचा दिवा जरा उशिरा लागला.
यंत्र टेबलाखाली होतं, जमिनीपासून वीतभर.
पुस्तकातल्या चित्रात तसंच आहे.
भिंतीवर मात्र दोन हात रंग देऊनही दिसते
माझ्या खांद्याला लागणारी तपकिरी रेघ.
पेवं त्याच वर्षी गेली.
तोंडं नीट लिंपलेली होती सगळ्यांची.
पाणी वरून खाली वाचत नाही.

दस्तगीरभाईंनी स्टूल धरलं.
माळ्यावर, जुन्या पासबुकांच्या गठ्ठ्याशेजारी
यंत्र ठेवलं. केबल जेमतेम पुरली,
कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी ताणून.

निघताना त्यांनी वही पुढे केली.
नाव लिहिलं. वेळ लिहिली.
कामाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना.
"रिकामा सोडू नगा," ते म्हणाले,
"साहेब इचारत्यात.
लिवा, पाणी बघाय आलते."