डोणीचं पाणी

पारिसा मगदूम पहाटे चारला डोणी घासतो,
काथ्यानं, मूठभर चुन्यानं,
कोपऱ्यातली साय नखानं खरवडून.
"शेवाळ न्हवं हे. रंग बगा बाई, निळ्याकडं झुकलाय."
गेल्या उन्हाळ्यात असलंच पिऊन
कागवाडकडचा एक रेडा
सपाट जमिनीवर पायरी असल्यागत अडखळला
आणि उठला नाही.

मी दवाखान्यातून आलेय, बाटल्या घेऊन.
चिठ्ठी चिकटवते: अथणी, जनावरांचा बाजार, डोणी दोन.
पेनाएवढं यंत्र बुडवते. आकडे धावतात, दमतात,
चार हजार दोनशेवर थांबतात.
"उप्पु," तो म्हणतो, यंत्राकडं न बघता.
त्यानं बोट केव्हाच जिभेला लावलंय.
हे पाणी जनावर पितं, पण हात राखून,
आणि रात्री शेण पातळ टाकतं.

म्हणून बोअरच्या एका घागरीला टँकरच्या दोन.
टँकरचे पैसे बाजार समिती देते.
कधीकधी देते.
कारखान्याची मळी नदीत उतरते त्या आठवड्यात
तो झाकण उघडून नाक घालतो
आणि भरला टँकर परत पाठवतो.
मल्लेशी ड्रायव्हर कन्नडमध्ये शिव्या घालतो,
हा मराठीत ऐकून घेतो,
दोघं एकाच विडीवर दम मारतात. नाही, चुकले.
विडी मल्लेशीची. पारिसा नुसता शेजारी बसतो.

मग कापड.
जुन्या धोतराचं, दुपदरी, धुऊन धुऊन घट्ट झालेलं.
जनावरांच्या पाण्याला गाळणं?
असं मी पहिल्या वर्षी विचारलं होतं.
त्यानं कापड उलटं केलं,
गाळलेल्याच पाण्यानं हळू धुतलं,
आणि ती जिवाणी तांब्यात धरली.
जिथलं पाणी तिथंच ती सोडायची,
असा त्याच्या घरचा शिरस्ता.
आता नदी तर वीस किलोमीटर.
म्हणून तो ती बाटलीत भरतो,
बाटली मल्लेशीच्या सीटखाली जाते,
पुढल्या खेपेला काठावर रिकामी होते.
होते का?
पारिसानं कधी विचारलं नाही,
मल्लेशीनं कधी सांगितलं नाही,
बाटली मात्र दर खेपेला धुऊन येते.

उजाडता उजाडता गाड्या लागतात.
रेडे. आटलेल्या म्हशी,
वय कागदावर तेरा, दातांवर थोडं वेगळं.
दस्तगीर मकानदार त्यांना थेट डोणीवर आणतो,
भावाचं नंतर, रुमालाखालची बोटं नंतर.
"लांबचा पल्ला आहे, डॉक्टरीणबाई. पोटभर पिऊ देत."
मी डॉक्टरीण नाही. तो दर वेळी म्हणतो.
कुठला पल्ला, हे इथं कुणी कुणाला विचारत नाही;
बाजाराच्या फाटकाबाहेर रस्ता दोनच दिशांना जातो
आणि परतीच्या गाडीत नुसती दावी असतात.

आज मी विचारलं. का कोण जाणे.
"पारिसाअण्णा, तुम्ही मुंगी ओलांडून चालणारे.
ही कुठं निघालीत, ठाऊक आहे ना?"

तो वाकला होता.
"ती कडंची, तांबूस," तो म्हणाला,
"तिनं आजून तोंड लावलं न्हाई."
पाण्यावर एक काडी तरंगत होती,
कडब्याची, करंगळीएवढी.
त्यानं ती उचलली, झटकली, कानामागं खोवली.
डोणीवर हात फिरवून कोवळं ऊन बाजूला सारल्यासारखं केलं.
म्हशीनं हुंगलं. मान वळवली.
परत हुंगलं.
मग नाकपुड्या पाण्याच्या अगदी वर धरून
ती जी प्यायला लागली,
गळ्यातून एकेक घोट लाटेसारखा उतरताना दिसत राहिला;
दस्तगीर मोजत होता बहुतेक, मीही.
पारिसा मोजत नव्हता. तो पुढची घागर ओतत होता.

माझ्या फॉर्मवर एक रकाना आहे:
जनावरांचा प्रकार. दुभती, ओढकामाची, इतर.
त्याच्याखाली: पाण्याचा उपयोग.
पहिला मी कोरा सोडला, साहेब ओरडतील.
दुसऱ्यात लिहिलं, पिण्यासाठी,
आणि ओल्या बोटानं
शाई थोडी फिसकटली.