उलटा उजेड

दिवसभर मी लोकांच्या तोंडावर उजेड पाडते.
पांढरा पडदा, दोन छत्र्या, हनुवटी थोडी वर,
कान दिसू द्या जी, चष्मा काढा,
डोळे मिटले, परत.
चाळीस रुपयांत आठ चेहरे, एकसारखे.

साडेचारला शटर अर्धं ओढते,
स्कूटी तलावाच्या पारीवर चढवते.
शिंगाड्याच्या वेली सारत
दुर्योधनभाऊ वलथरे डोंग्यातून ओरडतात,
"आज बी कारेच काढसान का जी फोटो?"
हो भाऊ. काळेच.

सूर्य नेहमी पाठीशी घ्यायचा,
असं ह्यांनी शिकवलं होतं,
लग्नाच्या मांडवात, दहावीच्या ग्रुपफोटोत.
स्टुडिओच्या पाटीवर अजून त्यांचंच नाव आहे.
इथे मी सूर्य समोर घेते.
उजेड मोजते आभाळावर, पक्ष्यावर नाही.
पक्षी बुडाला अंधारात, तर बुडू दे.

मग आकार तेवढा सांभाळायचा.
बगळ्याने मान पोटात घेतली
की उरतो एक गोटा.
दोन पाणकावळे एकमेकांवर आले
की चार पंखांचं भलतंच काही,
कुठल्या पुस्तकात नसलेलं.
मधे बोटभर आभाळ हवं.
आणि चोच आडवी.
जो सरळ माझ्याकडे बघतो
त्याला फोटोत चोचच उरत नाही.

बेशरमाची एक फांदी रोज मधे येते.
मी डावीकडे सरकते, चिखलात गुडघे,
मग कोपर, मग सरळ पालथी.
जितकी मी खाली
तितका पक्षी पल्याडच्या काठावरून सुटून वर.
पारीवरच्या मोटारसायकली
मला बघून हळू होतात,
पुढे जाऊन पुन्हा एकदा हळू होतात.

काल सरपंचबाईंकडे हळदीकुंकू होतं.
मला बोलावलं होतं, कॅमेऱ्यासकट.
बायका ओळीने, वाणाचे डबे छातीशी,
कपाळं पुढे.
हसा म्हटलं, हसल्या.
निघताना चहा दिला, आलं घालून.
डबा नाही.
कोणाचा दोष नाही, डबे मोजून आणले होते.

पावणेसहा.
देवधानातून बदकं निघतात. एक. मग तीन.
हळदीकुंकूच म्हणतात ह्यांना,
चोचीच्या टोकाला हळद,
मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके,
दुपारी पारीवरूनसुद्धा दिसतात.
आता सूर्य ऐनाच्या बुंध्याआड,
बदकं त्याच्या अलीकडे,
माझं बोट अर्धं दाबलेलं.
पहिली येते पाणी उसवत,
मान उंच,
तिच्या मागेपुढे कोणी नाही.
काळी.
कडेकडेने नीट काळी.

श्वास सोडायला विसरले होते.

डोंगा काठाला लागतो.
भाऊ ओले हात बनियनला पुसून
पडद्यावर वाकतात.
"बदक हाये."
कोणतं, मी विचारते.
"आता ह्याच्यात कोनतं का दिसन?"
मग पुन्हा बघतात, बराच वेळ.
"पर बदक हाये. मान पाह्य ना कशी धरली."

सूर्य गेला तरी आभाळ दहा मिनिटं थांबतं.
मी लेन्सचं झाकण शोधत नाही.
ते डोंग्यात परत उभे राहतात, बांबू हातात,
इकडेतिकडे बघून म्हणतात,
"माया बी काढा एक. असाच."
तोंड दिसणार नाही भाऊ.
"नाई दिसन तं नाई दिसन.
घरची ओरखते."

मी पुन्हा पालथी पडते.
जरा डावीकडे वळा, भाऊ.
आडवे. माझ्याकडे नका बघू.
बांबू अंगापासून थोडा लांब धरा,
अजून थोडा.
बोटभर.