भरणं

फहाहीलात रात्री दीडला
मी उठतो ते भुकेनं नव्हे.
साडेसातला जेवलोय:
दोन खुबूस, मसूर, ताटलीभर भात,
वर अल्ताफनं आग्रहानं घातलेली नळी.
पोटाची काही तक्रार नाही.
तक्रार दुसरीकडून कुठून तरी येते,
पत्ता नसलेल्या पाकिटासारखी,
आणि मी ती पोटाच्या नावावर सही करून घेतो.

पाच जणांत एक फ्रीज.
कप्प्याकप्प्याला चिकटपट्टी, पट्टीवर नाव.
माझ्या कप्प्यावर विश्राम.
हे नाव ठेवलं तेव्हा
आईबापांना काय माहीत.

दार उघडतो, पिवळा उजेड पायांवर सांडतो.
उभ्यानं खातो.
उभ्यानं खाल्लेलं धरायचं नाही,
हा नियम माझाच.
खजूर चार; बिया वाटीत वाजतील
म्हणून मुठीत.
चीजचा त्रिकोण. त्याची चांदी
आवाज न करता सोलायला शिकलोय.
जोजीचं माशाचं लोणचं, बोटानं,
आणि मग त्याच बोटानं
बरणीतला खड्डा सारखा करतो.

खिडकीतून रिफायनरीची ज्योत दिसते.
ती रात्रभर खाते.
तिला कुणी म्हणत नाही, पुरे.

डॉक्टर हनाननं रिपोर्टावर पेन टेकवलं.
रात्री काही खाता?
नाही.
तिनं माझ्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे पाहिलं,
आणि बटणानं सगळं सांगून टाकलं.

मग उपाय झाले.
दात घासून झोपलो:
पुदिन्यावर खजूर कडवट लागतो,
कडवटच खाल्ला.
शंभरापासून उलटे आकडे:
बाहत्तरला पाय स्वयंपाकघरात.
फ्रीजच्या दारावर तुझा फोटो लावला, सुनंदे,
ओटीच्या दिवशीचा, हिरव्या साडीतला.
दार उघडलं तशी तू भिंतीकडे तोंड करून उभी राहिलीस.
मी तुझ्या पाठीमागे
दह्याचा डबा रिकामा केला.

परवा तुझा फोन आला तो अवेळी.
मागे नळ खोकत होता,
पाणी यायच्या आधी खोकतो तसा.
चार वाजले इथे, म्हणालीस, पाणी आलंय,
पण मोटर जळली, कुणाला सांगू?
मी घड्याळ पाहिलं. दीड.

सोळा वर्षं, देवरुखात,
त्या खोकल्याला मी उठायचो.
आधी हंडा, मग कळश्या, मग पिंप,
शेवटी मोरीतला तांब्यासुद्धा.
अंग अजून तिथल्याच चाराला उठतं.
हात काहीतरी भरायला निघतात.
इथे नळाला चोवीस तास पाणी,
भरून ठेवण्यासारखं काही नाही,
एक मी सोडून.

हे कळलं म्हणून सुटलं असं नाही.
पण आता दीडला
पाच बाटल्या ओट्यावर मांडतो.
जोजीची निळी, अल्ताफची पोचे पडलेली,
फिल्टरची धार बारीक, वेळ लागतो.
त्या वेळात खजुराची आठवण येते,
येऊन बाजूला उभी राहते,
कधी जाते, कधी नाही जात.
सकाळी अल्ताफ विचारतो, बाटल्या कोण भरून ठेवतं, यार?
मी चहा ढवळत राहतो.

भांडं काठोकाठ भरू नये,
उचलताना सांडतं, तूच ओरडायचीस.
बाटलीला बोटभर जागा ठेवून
मी धार बंद करतो.

काल मात्र दही खाल्लं.
वाटीत घेऊन.
दिवा लावून.
बसून.