दहा पाऊण साडेसात

दिवाळ्याच्या जेट्टीवरून सातला सुटायचं,
साडेअकराला परत. जेवण ज्याचं त्याचं.
माणशी चारशे, लहान मुलांना अर्धं.
मोबाईलवर असं आलं होतं, खाली एक हसरा मासा.

आम्ही सहाजण.
टोप्या घातलेल्या दोघी बहिणी,
एकमेकांशी न बोलणारं एक जोडपं,
फ्लेमिंगो पाहिजेत म्हणजे पाहिजेत, असा एक मुलगा,
आणि मी, तुर्भ्याच्या कांदा मार्केटात
सव्वीस वर्षं हिशेब लिहिणारा,
गळ्यात मेव्हण्याची दुर्बीण.

बेटाला पदू मढवी नुसतं 'पल्याड' म्हणतो.
अकरा घरं. एक विहीर. तिवरांतून वाकून जाणारी वाट.
खाजणात एक पिच आहे, उधाणाला पाण्याखाली जातं;
चेंडू खाडीत गेला तर आऊट,
आणि आणायचा मारणाऱ्यानेच.
बहिणींनी विहिरीपाशी फोटो काढले.
एका पडवीत रापणाऱ्या सोड्यांच्या वासाने
न बोलणारी बायको पहिल्यांदा बोलली: "किती किलो?"

साडेदहाला परत आलो तर
होडी चिखलात कुशीवर पडलेली,
पाणी एवढं लांब
की ते आपलं होतं यावर विश्वास बसेना.

पदू पोराकडे बघत होता, बुकिंग घेणाऱ्या पोराकडे.
"दशमी हाय आज. तुला बोल्लेलो.
तिथीची पाऊणपट कर.
दहा पाऊण?"
पोरगा गप्प.
माझ्याच तोंडातून निघालं: "साडेसात."

कुठून आलं ते!
पावकी, निमकी, पाऊणकी,
वडील अंघोळीचा बंब पेटवताना म्हणून घ्यायचे,
चुकलं की लाकडाचं ढलपं पोटरीवर.
पुढे कॅल्क्युलेटर आला आणि मी ती विसरलो,
निदान मला तसं वाटत होतं.
पदूने मला वर-खाली पाहिलं,
मग बिडी पुढे केली. मी ओढत नाही. घेतली.

साडेसातला भरती सरली. पावणेदोनला पूर्ण ओहोटी.
होडी तरंगायला पाच.
आता करायचं काय, तर काही नाही.
निवट्या चिखलावर उड्या मारत होत्या
कुणी पाहत नसल्यासारख्या.
सुगंधाबाईने भाकऱ्या टाकल्या, बोईटाचं आंबट केलं,
पैसे विचारले तर म्हणाली, "पोराच्या चारशेतून कापते."

दुपारी दीडच्या सुमाराला ते आले.
उघड्या पडलेल्या चिखलावर, दूरवर,
आधी कुणीतरी फिकट गुलाबी धुणं वाळत घातल्यासारखे.
होडी अडकली नसती तर
एव्हाना आम्ही घरी जेवून लवंडलो असतो.
मुलाने दहा मिनिटं पाहिले
आणि तो क्रिकेट खेळायला गेला.

दुर्बीण रिकामी झाली तशी
सुगंधाबाईच्या नातीने मागून घेतली.
तिने पक्ष्यांकडे एकदाही लावली नाही.
सरळ पलीकडे, टॉवरांकडे.
"सतराव्या माळ्यावर बाई कुंडीला पानी घालतेय."
"त्या गच्चीवर कुत्रा हाय, यवढासा."
"तुमची खिडकी कंची?"

मी बोट दाखवलं:
त्या तीन उंच इमारतींच्या मागे, सिडकोची, चार मजली.
इथून नाही दिसत.

तिने दुर्बीण खाली केली.
"मंग तुमाला तिकडून पानी नाय दिसत?"
"नाही."
"मंग भरती कवा आली ते कलतं कसं?"

पाच वाजून वीस मिनिटांनी होडी हलली.
आधी थोडी डगमगली,
झोपेतून उठवलेल्या म्हशीसारखी, मग सरळ झाली.
जोडप्याच्या मांडीवर दोन किलो सोडे.
जेट्टीला लागेपर्यंत कुणी मोबाईल काढला नाही;
बॅटऱ्या संपल्या होत्या हेही आहे.

रात्री बायकोने विचारलं, काय पाहिलंस?
गुलाबी पक्षी, म्हणालो. दुर्बिणीला चिखल लागलाय, पुसायला हवा.

आज एकादशी.
अकरा पाऊण सव्वाआठ.
पेढीच्या बससाठी कोपऱ्यावर उभा आहे,
समोर तीन टॉवर, पाणी कुठेच नाही.
घड्याळात सव्वाआठ झाले
आणि मी उगाच
पायांखाली पाहिलं.