अडीचकी

सूनबाई म्हणाली, आई, स्विच घ्यायचाय.
मी म्हटलं, बाथरूमचा ना, कधीचा सैल झालाय.
मृण्मयी हसली नाही. तिचे डोळे
पडद्यावरच्या निळ्या पट्टीला चिकटलेले:
उरली सत्तावीस मिनिटं.
दिंडोरीकडच्या द्राक्षबागांचे
ड्रोननं काढलेले नऊ हजार फोटो
या खोलीतून त्या खोलीत जायला.
तेवढ्यात मी पाथर्डी फाट्याहून
रविवार कारंजाला पोचते,
रिक्षा लगेच मिळाली तर.

स्विच म्हटलं की मला अजून
माझ्याहून उंच बोर्डच दिसतो,
दोऱ्या, भोकं, पेटणारे दिवे.
एकोणतीस वर्षं टेलिफोन खात्यात.
निफाड द्या, येवला द्या, कळवण लागत नाही का हो.
लागत नाही, थांबा.
थांबा हा शब्द मी किती वेळा म्हटला असेन
त्याचं बिल कुणी केलं नाही.

पुण्याहून लेक आला, काखेत लोखंडी फळी घेऊन.
बँकेनं काढून टाकलेला, चोवीस पोर्ट,
प्रत्येकात दहा गिगाबिट, फक्त नऊ हजार!
लावला.
कुकरची शिट्टी होण्याआधी जो आवाज होतो ना, तो.
आणि शिट्टी होतच नाही.
शेजारच्या गांगुर्डेबाई विचारून गेल्या,
घरात गिरणी घातली का?
मी मीटर वाचायला बसले,
महिन्याला पासष्ट युनिट निघाले.
निनादनं फळी परत गाडीत ठेवली,
उशीसारखी, जपून.

मग कॉलेज रोड. मुथांचं दुकान.
काउंटरवर तळहाताएवढा डबा, पंखा नाही, आवाज नाही.
चार भोकं अडीच गिगाबिटची, दोन दहाची.
तीन हजार नऊशे.
शेजारी अगदी तसाच डबा, पाच हजार दोनशे.
फरक काय?
हा मॅनेज्ड आहे काकू,
कोण कोणाशी किती बोलतंय ते दाखवतो.

खात्याचा नियम होता,
लाईन जोडायची आणि किल्ली मिटायची.
चौऱ्याऐंशी साली मालेगावहून एक माणूस
भावाशी तीन मिनिटं नुसता श्वास घेत होता.
पैसे पूर्ण भरले त्यानं.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही,
पण किल्ली मिटली नव्हती, हेही खरं.

मी म्हटलं, न ऐकणारा द्या.

मृण्मयी म्हणाली, चारही पोर्ट एकदम धावले
तर वरची वाट पुरेल का?
मुथा कॅल्क्युलेटर शोधू लागले.
माझ्या तोंडून आपोआप निघालं:
बे अडीचे पाच, तीन अडीचे साडेसात,
चार अडीचे दहा.
शाळेत ही अडीचकी चुकले म्हणून
वेताची छडी खाल्ली होती.
वसूल झाली.

राहिली भिंत. दोन हजार अकरात
रफिकभाईंनी पाईपातून ओढलेली वायर.
नवी घालायची तर प्लास्टर फोडायचं,
वर रंग, वर माझी कटकट.
मृण्मयी टॉर्च घेऊन पोटावर झोपली
आणि वायरीच्या सालीवरचं वाचू लागली:
कॅट, पाच, आणि पुढे बारीक ई.
त्या एका ई नं भिंत वाचली.
अडीचला हीच पुरते म्हणाली.
दहाचा हट्ट धरला असता तर
गवंडी आला असता.

आता अकरा मिनिटं लागतात.
पूर्वी सत्तावीस मिनिटं आहेत म्हणून
ती ओट्यापाशी येऊन बसायची,
मटार सोलायची, माहेरचं काहीबाही सांगायची.
अकरात उठणं परवडत नाही.
मीच कप घेऊन जाते, दाराशी ठेवते.

रात्री पाणी प्यायला उठले की
कपाटामागे हात घालून
त्या डब्यावर ठेवते.
कोमट.
म्हणजे कुणीतरी बोलतंय.
काय, ते मला कळत नाही.

बाथरूमचा अजून सैलच आहे.