किमान तापमान

आठ आठवडे झाले पॅच बंद करून.
कमरेवरचा चौकोनी चिकट डाग
खोबरेलाने घासला, तरी पुसटसा आहेच.

डॉक्टर तुळपुळे म्हणाल्या, हळूहळू कमी करू.
आधी अर्धा, मग पाव, मग नुसती सवय.
गाठीचं नाव घेतलं नाही त्यांनी,
रिपोर्ट मात्र दोनदा उलटून पाहिला.

आता पहाटे तीनला
मानेमागे कुणीतरी स्टोव्हला पंप मारतं.
उशी पालथी करते, तीही ओली.
गॅलरीच्या लोखंडी कठड्याला गाल टेकते,
तळजाईकडून येईल तो वारा घेते.
आत उल्हास, दोन रजयांखाली.

सकाळी सिमला ऑफिसात तक्ता मीच भरते:
शिवाजीनगर, किमान आठ पूर्णांक सहा.
शेख मॅडम हात चोळत म्हणतात, काय गारठा गं!
मी पंख्याचं बटण दाबते.
सगळे वळून बघतात.
बघू देत.

काल एक साधा शब्द हरवला.
शेऱ्याचा रकाना समोर, पेन हातात,
गवतावर रात्रभर जे साचतं ते,
त्याला काय म्हणतात?
संध्याकाळी डेक्कनला बसमध्ये चढताना सापडला.

दव.

कंडक्टरने विचारलं, कुठे?
मी तेच सांगितलं.